मर्डो किलगोरची चार पार्सलं

मर्डो किलगोर दिसला की आमच्या वाइमाटी गावातली माणसं अजूनही नकळत आपल्या कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला चाचपतात. एकतीस वर्षं तो कौन्सिलमध्ये कुत्र्यांचे परवाने तपासायच्या कामावर होता. माझी पिपिन तेव्हा चौदा वर्षांची होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, दिवसभर काउंटरखाली झोपून असायची. तिचा परवाना संपून तीन दिवस झाले होते. मर्डो दुकानात आला, वाकून पिपिनच्या कानामागे खाजवलं, तिच्याशी दोन गोड शब्द बोलला आणि उभ्या उभ्या माझ्या हातात दंडाची पावती ठेवली.

"नोएलीन, मला वाईट वाटतं," तो म्हणाला, "पण नियम म्हणजे नियम. एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं."

वाईट वाटत असल्याचं त्याच्या तोंडावर मला तरी काही दिसलं नाही.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि दिवसभर घरात बसू लागला. त्याची बायको अ‍ॅव्हरिल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून थकलेली, आता कुठे शांतपणे भरतकाम करायला बसली होती. नवरा बाहेर तरी पडेल म्हणून तिने त्याला वाढदिवसाला एक साधा कॅमेरा घेऊन दिला. नवरा बाहेर पडला नाहीच. आणखी कॅमेरे कुठे मिळतील ते शोधत तो संगणकापुढे बसला.

माझं पुस्तकांचं दुकान आहे आणि त्यातच एका कोपऱ्यात पोस्टाचा काउंटर. गावात कोणाकडे काय येतं ते मला न विचारता कळतं. दोन वर्षांत मर्डोच्या नावाने चौदा कॅमेरे आले, सगळे जुने, बहुतेक जपानचे. त्यांतल्या तीनच कॅमेऱ्यांत त्याने फिल्म घातली. काढलेले फोटो मी पाहिले आहेत. घराची पत्रपेटी, शेजाऱ्यांचं मांजर आणि अ‍ॅव्हरिलची पाठ. पाठच, कारण ती वळली नाही.

कॅमेरा वापरण्यापेक्षा तो कमी पैशात देशात कसा आणायचा याचीच त्याला गोडी लागली होती. विकणाऱ्यांची भाषा त्याला पाठ झाली होती. 'जवळजवळ नवा' म्हणजे एकदा पडलेला. 'वयाच्या मानाने उत्तम' म्हणजे दोनदा पडलेला. 'तपासून पाहिलेला नाही' म्हणजे नीट तपासला आहे आणि चालत नाही. आमच्या कॅमेरा क्लबात बुधवारी संध्याकाळी तो हे सगळं समजावून सांगे. क्लब म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये जमणारी आम्ही नऊ माणसं. निम्मे फोटोंसाठी येत, निम्मे चीज रोलसाठी.

एका बुधवारी त्याने आयात कर या विषयावर भाषणच दिलं. हजार डॉलरच्या आतलं पार्सल छोट्या दुकानदाराकडून आलं तर कोणी हात लावत नाही. हजाराच्या वर गेलं की पंधरा टक्के कर आणि वर कागदपत्रांची फी. म्हणून शहाण्या माणसाने वस्तू सुटी करून मागवावी. नाहीतर विकणाऱ्याला पार्सलवर 'भेटवस्तू' असं लिहायला सांगावं. किंमत थोडी कमी लिहायला सांगितली तरी चालतं, जपानी माणसं फार मऊ असतात, नाही म्हणत नाहीत. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, याला कर चुकवणं म्हणत नाहीत का. मर्डोने त्या माणसाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कर चुकवणं वेगळं, तो म्हणाला, आणि कर लागू न देणं वेगळं. कुत्र्यांचा विषय कोणी काढला नाही. हॉलमध्ये दोन कुत्री होती आणि दोन्हींचे मालक जरा घाईतच निघाले.

त्याच वर्षी डिसेंबरात त्याला तो मोठा कॅमेरा दिसला. रुंद फिल्मचा, विटेसारखा जड, चार भागांत सुटा होणारा. मधली पेटी, पुढचं भिंग, मागचा फिल्मचा डबा आणि वरून बघायची झडप. विकणारा होता ओकाया नावाच्या गावातला ओगुची नावाचा म्हातारा दुकानदार. चारही भाग मिळून किंमत सोळाशे चाळीस डॉलर. एकेक भाग मात्र हजाराच्या आत. मर्डो मला सांगत होता की असा कॅमेरा देवानेच कराचे नियम वाचून बनवला असला पाहिजे.

मग त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. दोघंही आपापल्या भाषेत लिहायचे आणि मधे यंत्र भाषांतर करायचं. मर्डो मला ती पत्रं काउंटरवर वाचून दाखवी, त्यामुळे मला ती जवळजवळ पाठ आहेत. ओगुचींचं प्रत्येक पत्र हवेपासून सुरू होई. 'इथे दारापुढचा बर्फ गुडघ्यापर्यंत आला आहे. तलाव यंदाही पूर्ण गोठला नाही. आपल्याकडे उन्हाळा असेल, प्रकृतीला जपावे.' मर्डो हा भाग सोडून पुढे वाचायचा.

त्याने पहिल्यांदा विनंती केली की पार्सलवर 'भेटवस्तू' लिहावं. ओगुचींनी उत्तर दिलं की आपली विनंती वाचून मन भरून आलं, पण आपण पैसे दिले आहेत, त्यामुळे ही भेट होत नाही. मर्डोने दुसरं पत्र लिहिलं, किंमत निम्मी लिहावी. ओगुचींनी तीन परिच्छेद क्षमा मागितली आणि चौथ्यात लिहिलं की किंमत निम्मी लिहायची तर घ्यावीही निम्मीच लागेल, आणि तेवढं आपल्या छोट्या दुकानाला परवडणार नाही. मर्डो चिडला नाही. समोरचा माणूस भाव वाढवतो आहे असं त्याला वाटलं. शेवटी त्याने लिहिलं की निदान चार वेगवेगळी पार्सलं करा, वेगवेगळ्या दिवशी टाका. यावर मात्र लगेच होकार आला. 'किती पार्सलं करावीत ही ग्राहकाची इच्छा. मी आनंदाने चार करीन.'

"बघितलंस?" मर्डो मला म्हणाला. "माणूस तयार करावा लागतो. वेळ द्यावा लागतो."

मी म्हटलं, "मर्डो, तू कोणाला तरी कुत्र्याचे चार भाग करून चार घरांत ठेवू दिले असतेस का?"

"कॅमेरा चावत नाही," तो म्हणाला.

जानेवारीच्या मध्याला पहिलं पार्सल आलं, फिल्मचा डबा. दोन दिवसांनी दुसरं आलं, झडप. दोन्ही बिनबोभाट. मर्डोने दुकानातच कागद फाडला आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांना ते भाग दाखवले. मी मात्र पार्सलवरची चिठ्ठी वाचली होती. सुवाच्य, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'एका कॅमेऱ्याचा भाग. चारपैकी पहिला. इतर तीन मागाहून.' दुसऱ्यावर 'चारपैकी दुसरा'. पाठवल्याची तारीख दोन्हींवर एकच होती.

ओगुचींना नंतर विचारलं तेव्हा त्यांनी कळवलं की त्या आठवड्यात बर्फ फार पडला, पोस्टापर्यंत चारदा चालत जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपलं नसतं, म्हणून त्यांनी चारही पार्सलं एकदमच टाकली. आणि एखादा भाग हरवू नये म्हणून प्रत्येकावर क्रमांक घातले, तपासणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून.

तपासणाऱ्यांची सोय झाली. मर्डोला पत्र आलं की चारही पार्सलं मिळून एकच खरेदी धरली आहे आणि पूर्ण रकमेवर कर भरावा लागेल. उरलेली दोन क्राइस्टचर्चला अडकली होती. एवढ्यावर भागलं असतं तर त्याने दोन दिवस कुरकुर करून पैसे भरले असते. पण त्या पत्राखाली दुसरं पत्र होतं, जैवसुरक्षेच्या, म्हणजे बाहेरची कीड देशात येऊ न देणाऱ्या खात्याकडून. त्यात विचारलं होतं की आपण देशात कोणत्या जातीची बुरशी आणत आहात.

जुन्या भिंगांच्या आत कधीकधी बारीक बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. बाकीचे विकणारे ते जाहिरातीत लिहितात आणि पार्सलवर 'भिंग' एवढंच लिहितात. ओगुचींनी पार्सलवरही लिहिलं होतं: 'भिंग, एक. पुढच्या काचेच्या कडेला थोडी बुरशी आहे, क्षमस्व.' आणि चौथ्या पार्सलात कॅमेऱ्याच्या मधल्या पेटीबरोबर कॅमेरा ठेवायची मूळची लाकडी पेटी होती, लाकडाला किड्यांनी पाडलेली तीन भोकं होती, भोवती भाताचा पेंढा भरला होता आणि पेंढ्यात सहा सुकवलेली पर्सिमन, म्हणजे गोड केशरी फळं, होती. हे सगळं त्यांनी यादीत लिहिलं होतं. पर्सिमनसमोर लिहिलं होतं, 'भेटवस्तू'.

मर्डोने मला ती यादी वाचून दाखवली तेव्हा 'भेटवस्तू' हा शब्द त्याने दोनदा वाचला. महिनाभर त्याने त्या म्हाताऱ्याच्या मागे लागून हाच शब्द मागितला होता.

फोनवर काही निभेना, तेव्हा त्याने क्राइस्टचर्चला जायचं ठरवलं. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं म्हणून त्याला गाडी चालवता येत नव्हती, आणि अ‍ॅव्हरिलने या प्रकरणात गाडी चालवायला साफ नकार दिला. मला पुस्तकांचा माल आणायचाच होता, म्हणून मी त्याला घेऊन निघाले. वाटेत अडीच तास तो आपली बाजू मांडत होता. बुरशी मेलेली आहे. मेलेली नसली तरी ती काचेच्या आत आहे. काचेच्या आत नसती तरी ती जपानी आहे, आणि जपानी बुरशी शिस्तीची असणार. अ‍ॅशबर्टन ओलांडेपर्यंत त्याला स्वतःचं म्हणणं इतकं पटलं होतं की तो नुकसानभरपाई मागायच्या विचारात होता.

तिथल्या जैवसुरक्षेच्या कचेरीत आम्हाला भेटली वाइमारिए नावाची अधिकारी, चाळिशीची, शांत, केस घट्ट बांधलेले. तिने भिंग, लाकडी पेटी आणि पर्सिमन वेगवेगळ्या तबकांत समोर ठेवली. मर्डोने बोलायला सुरुवात केली आणि तिने त्याला पूर्ण बोलू दिलं. मधे एकदाही तोडलं नाही. त्याचं संपलं तेव्हा ती म्हणाली, "मिस्टर किलगोर, तुमचं म्हणणं मला समजतं. वाईटही वाटतं. पण तुम्हाला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल."

मी मर्डोकडे पाहिलं. मला वाटलं आता हा भडकणार. पण त्याने नुसती मान खाली घातली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आपल्याच धंद्यातलं माणूस समोर आलं की जसं ओळखू येतं, तसं त्याच्या तोंडावर दिसलं. त्यानंतर तो तिच्याशी एकदाही भांडला नाही. उलट फॉर्म कुठे भरायचा, किती प्रती लागतील, असं अदबीने विचारू लागला.

भिंग प्रयोगशाळेत तपासायला जाईल, लाकडी पेटीला धुरी द्यावी लागेल, दोन्हींचा खर्च त्याचा. पेंढा आणि फळं तिथेच जाळून नष्ट करावी लागतील. तो एकेका कागदावर सही करत गेला. फळांच्या कागदावर येऊन थांबला.

प्रत्येक पर्सिमन पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं होतं आणि दोऱ्याने बांधलेलं. बरोबर एक चिठ्ठी होती. वाइमारिएने फोनवर तिचं भाषांतर काढलं आणि वाचून दाखवलं. 'आपल्या पत्नीसाठी. ही आमच्या वळचणीला टांगून वाळवली. माझी बायको रोज हाताने चेपायची म्हणजे ती मऊ राहतात. तिच्या हातची ही शेवटची, यंदा ती नाही.'

मग मर्डोने विचारलं की एक इथेच खाल्लं तर चालेल का. बाहेर नेणार नाही. बी असलं तर तिच्याच हातात देईन.

"नाही चालणार," वाइमारिए म्हणाली. तिचा आवाज मात्र आधीपेक्षा खाली आला होता. चिठ्ठी नेता येईल, असं तिने आपण होऊन सांगितलं, कागदाला हरकत नाही.

परत येताना टिमारूला मी गाडी थांबवली आणि मटणाच्या दोन पॅटिस घेतल्या. त्याने आपली अर्धीच खाल्ली.

महिन्याभरात भिंग सुटलं. बुरशी फार पूर्वीच मेलेली निघाली, म्हणजे मर्डोचं म्हणणं खरं होतं आणि ते खरं ठरवण्याचं बिल त्यालाच आलं. अडीचशे डॉलरचा कर वाचवायला तो निघाला होता. कर भरलाच, वर तपासणी, धुरी, पार्सलं ठेवून घेतल्याचं भाडं आणि माझं पेट्रोल. टिमारूच्या दुकानात तसाच कॅमेरा याहून स्वस्तात बसून होता, हे गावातल्या निदान पाच जणांनी त्याला आपुलकीने येऊन सांगितलं.

खरी अडचण पुढे झाली. ओगुचींचं पत्र आलं. इथे आता बर्फ वितळू लागला आहे, त्यांनी लिहिलं होतं, कॅमेरा ठीक पोहोचला असेल अशी आशा आहे. आणि पर्सिमन आपल्या पत्नीला आवडली का? गोड निघाली का?

मर्डो ते पत्र घेऊन दुकानात आला. या वेळी हवेचा भागही त्याने वाचून दाखवला. काय लिहू, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, जे झालं ते लिही. तो हो म्हणाला, घरी गेला आणि लिहिलं की फार गोड होती, अ‍ॅव्हरिलने दोन खाल्ली आणि त्याने चार.

त्याचं असं झालं की ज्या माणसाला महिनाभर खोटं लिही म्हणून विनवलं त्याने एकदाही ऐकलं नाही, आणि मर्डोने स्वतः एकदाच लिहिलं तर त्यावर लगेच विश्वास बसला. ओगुचींनी उलट टपाली कळवलं की हे वाचून ते बायकोच्या फोटोपुढे बसले आणि तिला पत्र वाचून दाखवलं. आता येत्या थंडीत ते स्वतः चेपायला शिकतील आणि वीस पर्सिमन पाठवतील.

मर्डो चार दिवस घराबाहेर पडला नाही. अ‍ॅव्हरिलने मला फोन करून सांगितलं की तो कुत्र्यासारखा या खोलीतून त्या खोलीत फिरतो आहे. पाचव्या दिवशी तिनेच त्याला टेबलाशी बसवलं.

"एका बाईच्या फोटोपुढे तुझं खोटं वाचलं गेलंय," ती म्हणाली. "मी दोन खाल्ली म्हणे. मला त्याचा वासही आला नाही. बस आणि लिही."

त्याने लिहिलं. फळं जाळली गेली, तो तिथेच होता, त्याने एक खायला मागितलं पण मिळालं नाही, आणि चिठ्ठी त्याच्याजवळ आहे. पार्सलांचं, क्रमांकांचं, 'भेटवस्तू'चं सगळंच त्याने लिहून टाकलं, आणि एकतीस वर्षं आपण काय काम करत होतो तेही. पत्र पाठवायच्या आधी त्याने मला वाचायला दिलं. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. त्या तीन आठवड्यांत मर्डो तो मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून घराबाहेर पडू लागला, कारण घरी बसलं की पत्राची वाट पाहणं होई. टेकडीवर जाई, मेंढ्यांच्या बाजारात जाई. लोक त्याला पाहून कुत्री घरात घेत, पण तो फक्त फोटो काढत होता. त्यांतले काही बरे आले. एक तर खरंच चांगला आला. अ‍ॅव्हरिल मागच्या अंगणात बादलीत बीट धुते आहे, आणि या वेळी तिने वळून पाहिलं आहे.

क्लबात त्याने पुन्हा भाषण दिलं. विषय तोच, आयात. पार्सलवर खरं लिहून घ्या, पूर्ण किंमत लिहा, कर आधीच बाजूला काढून ठेवा, लाकूड-पेंढा-फळं मागवू नका, आणि भिंगात बुरशी असली तर ती आहे असं सांगा. आवाज तोच, बोट उगारणं तेच, आणि विरोध करणाऱ्याकडे पाहणंही तसंच कीव आल्यासारखं. मागच्या रांगेतल्या माणसाने विचारलं की गेल्या वेळी तर उलट सांगितलं होतंस. मर्डो म्हणाला, गेल्या वेळी तू नीट ऐकलं नसणार.

ओगुचींचं उत्तर मेच्या अखेरीस आलं. त्यात क्षमा मागितली होती, अर्थातच, फळं पाठवायच्या आधी नियम वाचले नाहीत म्हणून. मर्डोच्या खोट्याबद्दल फक्त एक ओळ होती. बायकोला नवं पत्रही वाचून दाखवलं, तिची काही तक्रार नाही. मग त्यांनी विचारलं होतं की परवाना नसलेल्या कुत्र्यांचं शेवटी काय करत असत. मर्डोने त्यावर चार पानं लिहिली.

आता दोघं महिन्यातून दोनदा लिहितात. विकायचं-घ्यायचं काही नसतं. गेल्या डिसेंबरात पातळ पाकीट आलं. आत एकच फोटो होता. वळचणीला ओळीने टांगलेली केशरी फळं, खाली स्टुलावर चढलेल्या म्हाताऱ्याचे पाय आणि एक फळ चेपणारा हात. मर्डो तो फोटो काउंटरवर ठेवून बराच वेळ पाहत होता. मग त्याने मला विचारलं की यावर काही कर किंवा फॉर्म भरायचा आहे का. मी म्हटलं नाही, फोटो आहे, साधं टपाल.

"तरी एकदा वाइमारिएला फोन करून विचार," तो म्हणाला. "त्यात फळं दिसतायत."

रांग तशीच उभी होती. मी फोन लावला.